झाशीचा खडक

झाशीचा पाडाव झाल्यानंतर सर ह्यू रोज ह्या इंग्रज सेनापतीने आपल्या वरिष्ठांना जो अहवाल पाठविला, त्यात झाशीच्या किल्ल्याच्या बळाविषयी लिहिताना त्याने त्या बळाचे दोन भाग कल्पिले आहेत. एक माणसाने निर्माण केलेले आणि दुसरे निसर्गाने दिलेले. तटाची जाडी सोळा ते वीस फूट असल्याचे तो नमूद करतो, आणि ह्या तटाला खिंडार पाडणे अवघड आहे, कारण तो ग्रॅनाइटचा आहे, असेही सांगतो. मैदानातून एकदम वर उठलेल्या खडकावर हा किल्ला उभा आहे, हेही त्याच्या नजरेतून सुटलेले नाही. शत्रूच्या सेनापतीने केलेली ही नोंद मला फार मोलाची वाटते. आपण मराठी माणसे झाशीचा इतिहास वाचतो तो राणीचा, तिच्या घोड्याचा, तिच्या तलवारीचा आणि गुलाम गौसखानाच्या तोफांचा. तो तसा वाचलाही पाहिजे. परंतु हा सारा इतिहास ज्या भूमीवर घडला, ती भूमी कशाची बनलेली आहे, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. श्रोतेहो, आज त्या भूमीविषयी चार गोष्टी आपल्यापुढे ठेवाव्यात असा विचार आहे. कारण ज्या खडकाने झाशीला किल्ला दिला, त्याच खडकाने तिला तिचे सर्वांत जुने संकटही दिले आहे.

महाराष्ट्रातून झाशीला गेलेल्या मराठी मंडळींनी आपल्या प्रवासात किती प्रकारचे दगड पाहिले असतील, ह्याची कल्पना करून पाहावी. नेवाळकरांचेच घराणे घ्या. ते मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या लांजे परिसरातील कोट गावचे. म्हणजे जांभ्याच्या प्रदेशातले. जांभा सच्छिद्र, पाऊस पिऊन टाकणारा. तेथून हे घराणे खानदेशात पारोळ्याला आले. तेथे काळा पाषाण, ज्याला शास्त्रज्ञ बेसाल्ट म्हणतात. आणि पारोळ्याहून रघुनाथराव हरी झाशीचे सुभेदार होऊन गेले ते गुलाबी-करड्या ग्रॅनाइटच्या देशात. एकाच घराण्याच्या दोन-तीन पिढ्यांत दख्खनचे आणि बुंदेलखंडाचे तीन निरनिराळे कातळ पायाखाली आले. त्यांपैकी पहिले दोन खडक आपल्या पूर्वजांच्या चांगल्या परिचयाचे होते. विहीर कोठे खणावी, पाणी किती हातांवर लागेल, ह्याचे ठोकताळे त्यांच्यापाशी होते. तिसऱ्या खडकापुढे हे ठोकताळे चालत नाहीत.

सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे पृथ्वीच्या पोटातून भेगांवाटे वर आलेला आणि थरावर थर साचत गेलेला लाव्हा. त्याचे वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे. आपल्याला हा आकडा छाती दडपणारा वाटतो. पण झाशीचा ग्रॅनाइट सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा आहे, आणि झाशी जिल्ह्यातल्याच बबिना व मऊरानीपूरकडच्या काही खडकांचे वय त्याहूनही अधिक, तीनशे कोटी वर्षांच्या पलीकडे जाते. त्यांच्यापुढे आपला सह्याद्री म्हणजे पाळण्यातले मूल. भारतभूमीचे जे अतिप्राचीन गाभे आहेत, त्यांपैकी हा एक, आणि सुमारे सव्वीस हजार चौरस किलोमीटरांवर तो उघडा पडलेला आहे. हा खडक जमिनीवर वाहत आलेला नाही. भूपृष्ठाच्या खाली काही मैल खोलवर, अतिशय सावकाश थंड होत तो घट्ट झाला. म्हणून त्याचे स्फटिक मोठे आणि एकमेकांत घट्ट गुंतलेले आहेत. वरची मैलोगणती जाडीची माती आणि शिळा ऊन-पावसाने झिजून गेल्यावर तो उघडा पडला. ओझे उतरल्यावर त्याला भेगा गेल्या, भेगांच्या कडा झिजल्या, आणि एकावर एक रचून ठेवल्यासारखे ते प्रचंड गोल धोंडे तयार झाले, जे आजही झाशीकडे जाणाऱ्या आगगाडीच्या खिडकीतून दिसतात. अशा धोंड्यांच्या टेकडीला तेथे टौरिया म्हणतात. झाशी शहरात एका वस्तीचे नावच टौरिया नरसिंहराव असे आहे. बुंदेली दगडाला चिकटलेले ते मराठी नाव वाचले की सारा सहवास त्या दोन शब्दांत मावल्यासारखा वाटतो.

ह्या ग्रॅनाइटमधून आणखी एक विलक्षण वस्तू डोके वर काढते. ती म्हणजे गारेच्या भिंती. फार प्राचीन काळी ह्या खडकाला ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे लांबच लांब तडे गेले आणि त्यांत गारगोटी साचली. ग्रॅनाइट झिजला, गार झिजली नाही. त्यामुळे आज सपाट माळावर पांढुरक्या कड्यांच्या रांगा कोसच्या कोस सरळ रेषेत धावताना दिसतात; जणू कोणी आखणी करून तट बांधला आहे. नद्या-नाले ह्या भिंतींना आडवे येतात आणि जेथे खिंड मिळेल तेथून पलीकडे निसटतात. ह्या खिंडी लक्षात ठेवाव्यात. पुढे त्यांचे काम आहे.

आता संकटांकडे वळू. नैसर्गिक आपत्ती म्हटले की महाराष्ट्रातल्या माणसाला प्रथम भूकंप आठवतो. ११ डिसेंबर १९६७ ची कोयनेची पहाट आणि ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट आपण विसरू शकत नाही. झाशीच्या इतिहासात भूकंपाला जवळजवळ स्थान नाही. एवढा जुना आणि घट्ट गाभा सहसा हलत नाही. अर्थात दख्खनची भूमीही स्थिर म्हणूनच गणली जात होती, तेव्हा ह्या शब्दावर डोळे मिटून विसंबू नये. आकाशातून आलेल्या एका संकटाची खूण मात्र ह्या भूमीवर आहे, आणि ती आपल्याला विशेष जवळची वाटावी अशी आहे. झाशीच्या पश्चिमेला, पन्नास किलोमीटरच्या आत, शिवपुरी जिल्ह्यात धाला नावाचे गाव आहे. तेथे एका अशनीच्या आघाताने झालेल्या विवराचे अवशेष असल्याचे ह्या शतकाच्या पहिल्या दशकात सिद्ध झाले. आपले लोणारचे विवर सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचे. धालाचे अकरा किलोमीटर. पण लोणार ताजे आहे, त्यात सरोवर आहे, काठी देवळे आहेत. धालाचा आघात दीडशे कोटी वर्षांहूनही जुना. काळाने तो इतका पुसून टाकला की शास्त्रज्ञांनी खडकाचे पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरले तेव्हा कोठे तो ओळखू आला.

झाशीचे खरे संकट असे एका क्षणात कोसळणारे नाही. ते पावलांनी येते. त्याचे नाव दुष्काळ.

येथे एक गोष्ट सांगितली तर आश्चर्य वाटेल. झाशीला पाऊस कमी पडतो असे नाही. वर्षाकाठी सरासरी साडेआठशे मिलिमीटरांच्या आसपास. म्हणजे पुणे शहराहून कमी नाही, किंबहुना थोडा अधिकच. मग पाणी जाते कोठे? त्यातले बहुतेक चार महिन्यांत, आणि त्या चार महिन्यांतल्याही मोजक्या दिवसांत कोसळते. खाली ग्रॅनाइट. बेसाल्टच्या दोन थरांमध्ये पोकळ, सच्छिद्र पट्टा असतो, त्यात पाणी मुरते आणि टिकते. ग्रॅनाइटच्या गुंतलेल्या स्फटिकांत पाण्याला शिरावयास जागाच नाही. वरचा झिजलेला मुरूम, तोही कोठे दहा हात तर कोठे वीस-तीस हात जाडीचा, आणि त्याखालच्या काही भेगा, एवढीच काय ती त्याची साठवण. ही घागर पावसाळ्यात लवकर भरते, भरल्यावर सांडते, आणि फाल्गुन-चैत्रात कोरडी पडते. उरलेले पाणी उतारावरून धावत बेतवा, पहूज, धसान ह्या नद्यांत जाते आणि त्यांच्या वाटेने यमुनेला मिळते. म्हणून ज्या प्रदेशात टंचाई, तेथेच अचानक पूरही येतात. २०२१ च्या ऑगस्टमध्ये शेजारच्या दतिया जिल्ह्यात सिंध नदीला असा लोंढा आला की पूल वाहून गेले. दुष्काळ आणि पूर ही येथे एकाच खडकाची दोन अपत्ये आहेत.

ओघात आठवले म्हणून सांगतो. १७४२ मध्ये झाशीचे सुभेदार झालेले आणि तेथला किल्ला वाढविणारे नारोशंकर हे नाव नाशिककरांच्या तोंडी निराळ्याच कारणाने आहे. गोदाकाठच्या त्यांच्या देवालयावर वसईच्या विजयाची घंटा टांगलेली आहे, आणि नारोशंकराच्या घंटेला पाणी लागले म्हणजे महापूर, अशी नाशिकची जुनी मोजणी. ज्या गृहस्थाचे नाव एका शहरात पुराची खूण होऊन राहिले, त्याने आपल्या उमेदीची पंधरा वर्षे तहानलेल्या दगडावरचे शहर वसविण्यात घालविली.

नारोशंकरांच्या फार पूर्वी, नवव्या शतकापासून तेराव्या शतकापर्यंत, बुंदेलखंडावर चंदेल राजांचे राज्य होते. खजुराहोच्या देवळांमुळे त्यांची कीर्ती जगभर पसरली. मला मात्र त्यांचे मोठे काम दुसरेच वाटते. मघाशी ज्या खिंडी लक्षात ठेवावयास सांगितल्या, त्या त्यांनी ओळखल्या. गारेच्या दोन भिंतींमध्ये नाला जेथून निसटतो, नेमका तेथे दगडमातीचा बांध घालावयाचा. दोन्ही बाजूंच्या भिंती निसर्गाने बांधलेल्याच आहेत. थोड्या खर्चात विस्तीर्ण तलाव. महोब्याचे कीरतसागर, मदनसागर हे तलाव कीर्तिवर्मा आणि मदनवर्मा ह्या राजांची नावे आजही सांगतात. पुढे बुंदेल्यांनी हीच रीत चालविली. झाशीपासून वीसेक किलोमीटरवर बरुआसागर आहे. ओरछ्याच्या उदितसिंहाने अठराव्या शतकाच्या आरंभी तो बांधला. त्याच्या बांधाखालच्या बागांतले आले आणि भाजीपाला प्रसिद्ध आहे, कारण तलाव नुसता पाणी साठवीत नाही, तो आपल्या खालच्या विहिरींना पाजतो. झाशीत लक्ष्मीताल आहे. त्याच्या काठी नेवाळकरांनी महालक्ष्मीचे देऊळ बांधले. गंगाधररावांची छत्रीही तेथेच आहे. जेथे पाणी तेथे देव, आणि जेथे देव तेथे कुळाचे स्मरण.

१८५८ चा वेढाही ह्या भूमीला विसरून समजत नाही. इंग्रज फौज २१ मार्चला झाशीपुढे आली. म्हणजे घागर रिती होण्याच्या दिवसांत. राणीने हा काळ ओळखून शहराभोवतीचा मुलूख आधीच उजाड करून टाकला होता. गवताची काडी नाही, सावलीला झाड नाही. उघड्या खडकाच्या प्रदेशात मार्चअखेरीस पशूंना चारा आणि माणसांना सावली मिळाली नाही, तर फौज किती दिवस टिकणार? हा डाव पूर्णपणे भूमीच्या ज्ञानावर रचलेला होता. तो फसला तो निसर्गामुळे नव्हे. शिंदे सरकारच्या आणि ओरछ्याच्या मुलखातून इंग्रजांच्या छावणीला गवत, सरपण आणि भाजीपाला पोहोचत राहिला, असे रोजने स्वतःच नमूद केले आहे. इंग्रजांनी तोफा चढविल्या त्याही शहराबाहेरच्या खडकाळ उंचवट्यांवरच. दगड कोणाचीच बाजू घेत नाही. १ एप्रिलला तात्या टोपे मदतीला आले ते बेतवा ओलांडून. पावसाळ्यात जी नदी फौजेला अडवून धरते, ती त्या दिवसांत पायउतार होती. ३ एप्रिलला इंग्रज शहरात शिरले, आणि ४ च्या रात्री राणी काल्पीकडे निघाली. पुढे ७ मे रोजी कोंचच्या लढाईत गोळ्यांपेक्षा उन्हानेच इंग्रज सैनिकांना अधिक छळले. खुद्द रोज उष्माघाताने वारंवार कोसळला. ह्या प्रदेशातले ऊन म्हणजे काय, हे २०२४ च्या मे महिन्यात पुन्हा दिसले. झाशीत पारा ४९ अंशांपर्यंत चढला होता. दिवसभर तापलेला दगड रात्रीही निवत नाही.

वेढ्याच्या काळात झाशीत असलेल्या विष्णुभट गोडसे ह्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यामुळे शहराच्या पाडावाचे दुःख मराठी घरांत पोहोचले. परंतु त्यानंतर दहाच वर्षांनी झाशीवर जे कोसळले, त्याला असा कोणी गोडसेभटजी लाभला नाही. १८६८ साली पावसाने पाठ फिरविली. तो दुष्काळ ‘पच्चीसा’ म्हणून ओळखला गेला, कारण तो विक्रम संवत १९२५ चा. त्याआधीचा १७८३-८४ चा, संवत १८४० चा, म्हणून ‘चालीसा’. आपल्याकडे ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हणताच वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही, तसेच हे. राजाच्या नावाने काळ मोजणाऱ्या देशात सामान्य माणसाने आपली कालगणना उपासमारीच्या आकड्यांवर बसविली.

पच्चीशाचे घाव केवळ पावसाने केलेले नाहीत. जुन्या राजवटीत सारा पिकाप्रमाणे कमीजास्त होई. वसुली कडक असली तरी बुडालेल्या वर्षी तडजोडीला वाव असे. नव्या राजवटीत सारा रोख आणि ठरलेला. खडकाचे पाणी मात्र ठरलेले नव्हते. दुष्काळात पडिक राहिलेल्या चांगल्या काळ्या जमिनींत कांस नावाचे गवत शिरले. त्याच्या मुळ्या इतक्या खोल जातात की नांगर हात टेकतो आणि जमीन कित्येक वर्षे पिकाला मुकते. सारा भरण्यासाठी कर्ज, कर्ज फेडण्यासाठी जमीन, असे चक्र सुरू झाले. अखेर १८८२ मध्ये कर्जबाजारी जमीनदारांसाठी खास झाशीचा म्हणून कायदा करावा लागला, आणि १९०३ मध्ये जमिनी सावकारांच्या हाती जाऊ नयेत म्हणून बुंदेलखंडापुरता दुसरा. मध्यंतरी १८९६-९७ चा देशव्यापी दुष्काळ आला, आणि त्याची सुरुवातच बुंदेलखंडातून झाली. राणीशी झालेल्या लढाईवर ग्रंथ लिहिले गेले. ह्या लढाईची साक्ष कायद्यांच्या मथळ्यांत आणि महसुलाच्या दप्तरात पडून आहे.

धरणे झाली नाहीत असे नाही. बेतवेवर परीछाचा बंधारा १८८६ मध्ये पुरा झाला. पण त्याच्या कालव्याचे पाणी मुख्यतः उतारावरच्या जालौन आणि हमीरपूरकडच्या गाळाच्या मैदानाला गेले. वरच्या खडकाळ गावांना ते चढून येणार कसे? स्वातंत्र्यानंतर माताटीला आणि राजघाट झाले. २००३ नंतरच्या वर्षांत बुंदेलखंडात पुन्हा लागोपाठ अवर्षणे आली. २००९ मध्ये केंद्र सरकारने ह्या प्रदेशासाठी ७,२६६ कोटी रुपयांची खास योजना मंजूर केली. २०२४ च्या डिसेंबरात केन नदीचे पाणी बेतवेत आणण्याच्या प्रकल्पाची पायाभरणी झाली. मोठ्या कालव्याविषयी मी येथे निर्णय देऊ इच्छीत नाही. एवढे मात्र खरे की लक्ष्मीतालासारखा हाताशी असलेला तलाव गेल्या काही दशकांत गाळाने आणि सांडपाण्याने आजारी पडला, आणि त्याच काळात ग्रॅनाइटला तीन-तीनशे फुटांची भोके पाडून पाणी शोधण्याचा उद्योग वाढला. एखादी भेग लागली तर पाणी, नाही तर भुकटी. आणि भेग लागली तरी ती शेजाऱ्याच्या विहिरीचीच असण्याचा संभव अधिक.

बुंदेलखंडात शेताची एक जुनी पद्धत आहे, तिला हवेली म्हणतात. मराठी कानाला हवेली म्हणजे मोठा वाडा. तेथे हवेली म्हणजे उतारावर मातीचा बांध घालून पावसाळाभर पाण्याखाली ठेवलेले शेत. त्या शेतात खरिपाचे पीक घ्यावयाचे नाही. त्याने चार महिने फक्त पाणी धरावयाचे. ते पाणी मुरमात उतरते, आणि खाली कठीण दगड असल्यामुळे फार खोल पळून जाऊ शकत नाही. आजूबाजूच्या उथळ विहिरींत दिसू लागते. म्हणजे खडकाचा जो दोष, तोच येथे उपयोगी पडतो. फुटलेले बांध दुरुस्त न झाल्याने ह्या हवेल्या पुष्कळ ठिकाणी मोडल्या होत्या. २०११ पासून पुढच्या काही वर्षांत झाशीजवळ बबिना विभागातल्या परासई, छतपूर आणि बछौनी ह्या तीन गावांत, झाशीच्या कृषिवानिकी संशोधन संस्थेने आणि हैदराबादजवळच्या इक्रिसॅट ह्या संस्थेने गावकऱ्यांच्या साहाय्याने जुनी हवेली दुरुस्त केली आणि नाल्यांवर लहान बंधारे घातले. विहिरींची पातळी दोन मीटरांहून अधिक वर आली. ग्रॅनाइटच्या देशात दोन मीटर म्हणजे एक आख्खे रब्बीचे पीक. आश्विन सरता सरता हवेलीच्या बांधाचे तोंड उघडतात, पाणी खालच्या शेतात सोडून देतात, आणि वरच्या ओल्या चिखलाला वाफसा आला की त्यात गहू पेरतात.